न जाणारा नावाडी

डाकीणबाईंनी त्या दिवशी सकाळी अकराच्या आत दोन गावं जाळली, एका विहिरीत विष कालवलं, एका आंधळ्याची काठी चोरली आणि मग चष्मा पुसून त्या चहा आणायला गेल्या. वाटेत कुणाच्या तरी खुर्चीला त्यांचा धक्का लागला. खुर्ची रिकामी होती, तरी त्या "सॉरी हं" म्हणाल्या.

खुलासा आधीच करून टाकलेला बरा. बाई कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टर होत्या. तलवारी, जादू, राक्षस, पडके किल्ले असा तो अवाढव्य खेळ. खेळणाऱ्याने त्यात हवं तसं वागावं, देवमाणूस व्हावं नाहीतर सैतान. बहुतेक लोक देवमाणूस होतात, कारण खोट्या जगात चांगलं वागायला फारसे कष्ट पडत नाहीत. पण काहींना सैतान व्हायचं असतं, आणि त्यांचाही खेळ मध्येच बंद पडून चालत नाही. म्हणून खेळ बाजारात जाण्याआधी कुणीतरी त्यातला एकूण एक दुष्टपणा स्वतः करून बघावा लागतो. ते काम बाईंकडे होतं. त्यावरून पडलेलं 'डाकीणबाई' हे नाव त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही.

या कामावर आधी दोन तरण्याबांड टेस्टरना बसवलं होतं. पहिल्याने तिसऱ्या दिवशी एका म्हातारीची चोरलेली शेळी परत नेऊन दिली आणि सगळा हिशेब बिघडवला. दुसऱ्याला जाळपोळीत इतका आनंद वाटायला लागला की काय बिघडलंय ते बघायचंच तो विसरला. बाई मात्र छप्पन्न वर्षांच्या, आणि त्यातली तेवीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात घालवलेली. छापखाना बंद पडला आणि त्याच वर्षी नवराही गेला. मग खेळातले संवाद वाचायला म्हणून त्या इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांना दया येत नव्हती असं नाही, पण दया बाजूला ठेवून चूक शोधायची सवय हाडीमाशी खिळलेली होती. काठी चोरल्यावरही आंधळा हवेतच काठी आपटत चालत राहतो, हे त्यांनीच पकडलं. शाळा जाळली तरी मुलं कोळसा झालेल्या बाकांवर बसून पाढे म्हणत राहतात, हेही त्यांनीच. रिपोर्टात तीन रकाने असत: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. बाईंचे रकाने इतके नेटके असत की दुसऱ्या टीमचे लोक नमुना म्हणून मागून नेत.

चहा संपवून त्यांनी हेडफोन चढवले आणि तिसरं गाव जाळायला घेतलं. हे नदीच्या घाटावरचं गाव, नावाड्याचं स्वतःचं.

आता या नावाड्याबद्दल सांगायला हवं. खेळात तुमच्यासोबत सात सोबती चालतात. तुम्ही फार वाईट वागलात की एकेक जण तोंडावर चार शब्द फेकून सोडून जातो. बाईंचे सहा सोबती रीतसर गेले होते. वैदू थुंकून गेला, धनुर्धारी मुलगी रडत गेली, भाट तर जाताना बाईंची ढालही उचलून घेऊन गेला. राहिला होता फक्त नावाडी. रुंद खांद्यांचा, पांढऱ्या दाढीचा, पाठीला वल्हं बांधलेला म्हातारा. तो सगळ्यांत सोशिक. किरकोळ चोऱ्यामाऱ्यांकडे तो काणाडोळा करायचा, पण त्याचं स्वतःचं गाव पेटलं की त्याने जायचं, असं ठरलेलं होतं.

गाव पेटलं. नावा जळाल्या. बाईंनी घाटाच्या वर मुक्काम टाकला आणि पेन उघडून वाट बघत बसल्या. नावाडी शेकोटीपाशी आला, बसला आणि त्याच्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "वारा सुटलाय. आगीजवळ सरक जरा."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

चूक होती ती. धडधडीत, ठळक अक्षरातली चूक. गाव जाळणाऱ्याला कोण म्हणतं आगीजवळ सरक? बाईंना ते कळत होतं आणि तरीही त्यांचा ऊर भरून आला. तेवीस आणि सहा, एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पहिल्यांदाच दिसलेली चूक लिहिली नाही. उद्या लिहू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणाल्या. असे अकरा दिवस गेले.

खरं कारण असं की बाई गेल्या सहा महिन्यांपासून नावाड्याशी बोलत असत.

म्हणजे वेड्यासारखं नव्हे. खेळात मुक्कामी सोबत्यावर माउसचं बोट ठेवलं की तो काहीतरी बोलतो. नावाड्याला लेखकांनी सव्वीस बोलणी लिहून दिली होती. नदीची, पुराची, त्याच्या हरवलेल्या भावाची. ती सव्वीस केव्हाच संपली होती. त्यानंतर कितीही वेळा विचारलं तरी तो एकच ओळ म्हणायचा, ती वाऱ्याची आणि आगीची. बाकी टेस्टर सव्वीस ऐकून पुढे जात. बाई पुढे जात नसत. रोज तीन-चारदा त्या मुक्काम टाकायच्या, नावाड्यावर बोट ठेवायच्या आणि तो बोलून झाला की हेडफोनच्या आडून हळूच म्हणायच्या, "काल नळाचा वायसर मीच बदलला हो. आता गळत नाही." किंवा, "शेजारचे घर सोडून गेले. भिंतीपलीकडून टीव्ही ऐकू यायचा, तेवढाही आता येत नाही." नावाडी म्हणायचा, "वारा सुटलाय. आगीजवळ सरक जरा." आणि बाई खरोखर खुर्ची पुढे सरकवायच्या.

घरी बोलायला होतं कोण? मुलगा होता, पण तो साता समुद्रापलीकडे. दर रविवारी सकाळी अकराला त्याचा फोन न चुकता यायचा, आणि न चुकता तेच चालायचं. "काय आई, बरी आहेस ना?" "बरी आहे." "जेवणखाण वेळेवर?" "हो हो." "औषधं आहेत ना?" "आहेत." "चल मग, ठेवू?" "ठेव." मुलगा वाईट नव्हता हो. त्याची बोलणी संपली होती, एवढंच. फोन ठेवल्यावर बाई घड्याळ बघायच्या, तर कधी दोन मिनिटं झालेली असायची, कधी तीन.

सोमवारी टीम लीडरने सगळ्यांना उभं केलं. हा माणूस सदानकदा हातात चहाचा कप घेऊन हिंडायचा आणि बोलताना त्याच कपाने बोट दाखवायचा. "शुक्रवारी खेळ पक्का करून बाजारात पाठवायचा," तो म्हणाला. "ज्याने त्याने आपण तपासलेल्या वाटेवर सही करायची. डाकीणबाई, तुमचे सातही सोबती जातात ना सोडून?"

"बघते," बाई म्हणाल्या.

"बघते काय? तुमच्याजवळ कोण टिकणार!" लीडर हसला, बाकीचे हसले, बाईही हसल्या.

जागेवर येऊन त्यांनी सहीचा कागद समोर घेतला. खोटी सही केली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण छापखान्यात एकदा दमल्या डोळ्यांनी त्यांनी एका शोकपत्रिकेत मेलेल्याच्या जागी जिवंत भावाचं नाव जाऊ दिलं होतं, आणि तो भाऊ हातात कागद घेऊन छापखान्याच्या दारात येऊन उभा राहिला होता. ते तोंड त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी सही केली नाही, रिपोर्ट उघडला आणि लिहिलं: घाटावरचं गाव जाळलं. नावाडी जायला हवा होता. नावाडी गेला नाही.

रिपोर्ट गेला प्रोग्रामरकडे. तिशीतला, ताडमाड उंच आणि तितकाच मुखदुर्बळ. त्याला सगळे 'खांब' म्हणायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बाईंच्या टेबलापाशी येऊन अवघडून उभा राहिला.

"माझ्या मशीनवर तो जातोय सोडून," खांब म्हणाला. "दोनदा जाळून बघितलं. दोन्ही वेळा गेला."

"असं?"

"तुम्ही आणखी काही वेगळं केलं होतं का?"

"नाही हो. जाळलं आणि मुक्काम केला."

"मग मी 'पुन्हा घडत नाही' म्हणून बंद करतो. चालेल?"

चालेल? न चालायला काय झालं! बाईंनी चूक दाखवली होती, त्यांचं काम चोख झालं होतं. चूक सापडली नाही हा खांबाचा प्रश्न. शुक्रवारी खेळ जाईल, त्यांच्या मशीनवर नावाडी तसाच शेकोटीपाशी बसून राहील आणि कुणाचं काही बिघडणार नाही. देवाने असं आयतं ताट वाढून समोर ठेवलं होतं, आणि बाईंनी मान डोलवलीही.

खांब चार पावलं गेला असेल नसेल. बाईंना ठाऊक होतं आपण काय वेगळं केलंय ते. खांबाने विचारलं त्याच क्षणी कळलं होतं. या ऑफिसात नावाड्याशी इतकं बोलणारं दुसरं कुणीच नव्हतं. प्रुफातली चूक एकदा दिसली की ती न दिसल्यासारखी होत नाही, हाच त्या धंद्यातला शाप.

"अहो, थांबा," त्या म्हणाल्या. "एक राहिलं. मी त्याच्याशी बोलत होते."

"बोलतात सगळेच."

"सव्वीस झाल्यावरही."

खांबाने कपाळाला आठ्या घातल्या. "तेच तेच ऐकायला? किती वेळा?"

"बऱ्याचदा."

"म्हणजे दहा? वीस?"

बाईंनी खुर्ची मागे घेतली आणि आपला सेव्ह, म्हणजे जिथवर खेळून झालं होतं तो जपून ठेवलेला डाव, त्याला उघडून दिला. त्याने वाकून कीबोर्डवर काहीतरी बडवलं. स्क्रीनवर काळी चौकट आली आणि तिच्यात पांढरे आकडे.

मामला साधा होता. प्रत्येक सोबत्याच्या नावावर दोन आकडे असत, राग आणि जवळीक. रागाचा आकडा जवळिकीच्या वर गेला की सोबती जातो. दर बोलण्यागणिक जवळीक एकाने वाढते. सव्वीस बोलणी संपल्यावर हे वाढणं थांबवायला हवं होतं, पण कुणीतरी ते थांबवायचं विसरलं होतं. संपलेल्या माणसाशी पुन्हा पुन्हा कोण बोलायला जाणार, असं त्या विसरणाऱ्याला वाटलं असणार. नावाड्याचा राग होता तीनशे चाळीस. जवळीक चारशे अडतीस.

"चारशे अडतीस," खांब पुटपुटला. "त्यातले सव्वीस गेले की..."

"चारशे बारा!" मागून आवाज आला. टीम लीडर चहा घेऊन नेमका तिथेच टपकला होता. "चारशे बारा वेळा तीच ओळ? अहो डाकीणबाई, लग्नबिग्न करायचा विचार होता की काय त्याच्याशी?"

चार टेबलं खदखदून हसली. कुणीतरी वळून बघितलं, कुणीतरी "काय झालं?" विचारलं आणि कुणीतरी त्याला सांगितलं. आकडा टेबलामागून टेबल फिरत गेला. बाईही हसल्या. हसता हसता त्यांना वाटलं, आपलं स्वयंपाकघर, एकच ताट, एकच पेला, सगळं कुणीतरी उचलून या हॉलच्या मधोमध आणून मांडलंय. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खांब तेवढा हसला नाही. तो स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मी नीट करतो हे." मग बाईंकडे न बघताच आपल्या जागेवर गेला.

नीट करायला त्याला जेमतेम दहा मिनिटं लागली. सव्वीसच्या वरची जवळीक कापून टाकणारी एक ओळ प्रोग्राममध्ये घालायची होती. पण टेस्टरचं काम तिथे संपत नाही. ज्याने चूक दाखवली त्यानेच ती गेल्याची खात्री करायची, असा नियम. बुधवारी सकाळी नवा खेळ बाईंच्या मशीनवर आला. त्यांनी आपला जुना सेव्ह उघडला. काळी चौकट बघायची गरज नव्हती, तरी बघितली. जवळीक सव्वीस. चारशे बारा बोलणी पुसून गेली होती.

सवयीने त्यांनी हेडफोन चढवले. जळक्या गावाच्या वर मुक्काम टाकला. शेकोटी पेटली. नावाडी आला, पण बसला नाही.

"इथून पुढे मी येणार नाही," तो म्हणाला. हे बोलणं बाई पहिल्यांदाच ऐकत होत्या. आवाज तोच, पण शब्द परके. "भांडायला आता बळ नाही. लाकडं फोडून ठेवलीत. सकाळपर्यंत पुरतील तुला."

एवढंच. ना शिवी, ना शाप. तो वळला आणि नदीच्या दिशेने चालू लागला. बाईंना स्क्रीनवरून नजर हलवता येत नव्हती, कारण सोबती दिसेनासा होईपर्यंत बघत राहायचं असतं. कधीकधी हे लोक झाडाला नाहीतर कुंपणाला अडकतात आणि जागच्या जागी पाय हलवत बसतात. मग तो वेगळा रिपोर्ट.

उतारावर एक मोठा दगड होता. नावाडी त्याला जाऊन धडकला आणि तिथेच पाय मारत राहिला. एक सेकंद, दोन, पाच. अडकला बरं झालं, त्यांच्या मनात आलं. राहू दे अडकलेला. लिहिते मी, अडकला म्हणून लिहिते, शुक्रवारपर्यंत कोण सोडवतोय त्याला. त्यांचा हात पेनाकडे गेलाही.

मग त्याला वाट सापडली. दगडाला वळसा घालून तो खाली उतरला. वल्ह्याचं टोक काही वेळ दिसत राहिलं, आणि मग नदीच होती.

बाईंनी रिकाम्या शेकोटीवर दोनदा बोट ठेवून बघितलं. काही झालं नाही, होणारही नव्हतं. त्यांनी तिसऱ्या रकान्यात लिहिलं, "नावाडी गेला. दुरुस्ती बरोबर," सहीच्या कागदावर सही केली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून ठेवून रडल्या.

बाहेर आल्या तर खांब टेबलापाशी उभा. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"ओळ काढली नाहीये मी," तो म्हणाला. "ती वाऱ्याची. तो सोबत असेपर्यंत विचारलं की अजून म्हणेल तो. फक्त आता मोजली जात नाही."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या. त्याने आणखी काहीतरी बोलावं असं त्यांना वाटलं, आणि त्यालाही बहुधा वाटलं असावं, पण त्याला सुचलं नाही. तो गेला.

शुक्रवारी खेळ गेला. केक आला, टाळ्या झाल्या, लीडरने कप उंचावून भाषण ठोकलं. शनिवारी बाईंनी कपाट आवरलं.

रविवारी अकराला फोन वाजला.

"काय आई, बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"जेवणखाण वेळेवर?"

"हो हो."

बाई खिडकीशी उभ्या होत्या. समोरच्या इमारतीत कुणी गादी वाळत घालत होतं. औषधं आहेत ना, हे आता येणार. मग 'चल मग, ठेवू'. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. दोन वर्षं, दर रविवारी. शंभरावर वेळा त्याने हेच विचारलं होतं आणि तिकडच्या वेळेप्रमाणे त्यासाठी दर रविवारी कुठल्या अडनिड्या तासाला तो उठत होता, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. त्याची बोलणी संपली म्हणून त्या त्याच्यावर मनातून रुसल्या होत्या. आणि स्वतः? 'बरी आहे. हो हो. आहेत. ठेव.' नावाड्याकडे निदान सव्वीस तरी होती.

"औषधं आहेत ना?"

"आहेत."

"चल मग, ठेवू?"

खेळात असं काही करण्याआधी बाई नेहमी सेव्ह करायच्या. बोलणं अंगाशी आलं तर मागे जाता यावं म्हणून. इथे ती सोय नव्हती.

"नको ठेवूस," त्या म्हणाल्या.

बाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. "ऑफिसात एक नावाडी होता. खेळातला. मी त्याच्याशी चारशे बारा वेळा बोलले. एकच ओळ म्हणायचा रे तो, तरी बोलले. नळाचं, शेजाऱ्यांचं, सगळं त्याला सांगितलं. तुला नाही सांगितलं. बुधवारी तो गेला. माझ्या हातानेच घालवला मी त्याला."

सांगून झाल्यावर त्यांना आपलंच बोलणं वेडगळ वाटलं. आता तो हसेल, किंवा डॉक्टरकडे जाऊन ये म्हणेल. कानात नुसती लांबची खरखर होती. मग तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आई," मुलगा म्हणाला, "बरी आहेस ना?"

तेच शब्द होते, दर रविवारचे. पण या वेळी विचारून झाल्यावर तो पुढच्या प्रश्नाकडे गेला नाही. थांबून राहिला.

"नाही रे," बाई म्हणाल्या.